धमकीची तक्रार: ‘एनसी’वर बोळवण होऊ नये म्हणून काय, कोणत्या क्रमाने करावे

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला एका ओळखीच्या मुलाकडून धमक्या येऊ लागल्या. आम्ही दोघी आपल्याच नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात गेलो आणि दोन तास बाकावर बसल्यानंतर हातात अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे ‘एनसी’चा, एक छोटा कागद घेऊन परत आलो. त्या कागदावर लिहिले होते की ‘किरकोळ कारणावरून वाद होऊन जिवे मारण्याची धमकी दिली’. वाद कधी झालाच नव्हता. तो मुलगा पाच आठवडे तिच्या मागे फिरत होता, पण पाठलागाचा एक शब्दही त्या नोंदीत नव्हता. पुढे तीच हकीकत, एकही गोष्ट न वाढवता, तारखेप्रमाणे लिहून दिली, तेव्हा गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर ओळखीच्या आणि ओळखीतून आलेल्या अनेक मुलींसोबत मी ठाण्याची पायरी चढले आहे. ठाण्याने टाळाटाळ केली की संताप येतो आणि तो रास्तच असतो. पण जिथे आपला कागद कच्चा असतो तिथे टाळाटाळ करणाऱ्याला आयते निमित्त मिळते, हेही मी वारंवार पाहिले आहे. ते निमित्त मिळू नये म्हणून पुढचे टप्पे लिहिले आहेत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे; चौथा टप्पा आधी आणि दुसरा नंतर असे केले, तर पुरावा हातचा जातो.

टप्पा १: धोका आत्ताचा आहे का, हे आधी ठरवा

माणूस दाराशी उभा आहे, रस्त्यात अडवतो आहे, किंवा ‘आज येतोच’ असे म्हणून निघाला आहे, अशा वेळी अर्ज लिहीत बसू नये. ११२ वर फोन करावा. फोनवर आधी ठिकाण सांगावे, मग प्रसंग. ‘मेहेर सिग्नलजवळ, अमुक दुकानासमोर’ इतके नेमके सांगितले तर गाडी लवकर पोहोचते. महिलांसाठी १०९१ आणि १८१ हे क्रमांकही आहेत. रेल्वेत किंवा नाशिकरोड स्थानकात प्रसंग घडला, तर १३९ वर कळवावे आणि गुन्ह्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे करावी.

गाडी आली, त्याला ‘समज दिली’ आणि सगळे पांगले, म्हणजे तक्रार झाली असे समजू नये. ११२ चा फोन ही मदतीची हाक असते, फिर्याद नसते. मात्र फोन केल्याची तारीख, वेळ आणि आलेल्या कर्मचाऱ्याचे नाव लिहून ठेवावे; ते पुढे उपयोगी पडते.

टप्पा २: पुरावा जपा, आणि तोही ब्लॉक करण्याआधी

पहिला धमकीचा संदेश आला की मुली घाबरून तो पुसतात, आणि घरचे लोक लगेच त्या क्रमांकाला ब्लॉक करायला लावतात. ब्लॉक करणे हा तिचा हक्क आहे आणि मनःशांतीसाठी ते करावेही, पण आधी पुढील गोष्टी कराव्यात.

व्हॉट्सॲपवरील संदेशाचा स्क्रीनशॉट घेताना वर साठवलेले नाव नव्हे, तर क्रमांक दिसला पाहिजे. ‘कॉलेज दादा’ असे नाव दिसणारा स्क्रीनशॉट कोणाचाही असू शकतो. त्यासाठी त्या क्रमांकाच्या माहितीचे पान उघडून त्याचाही स्क्रीनशॉट घ्यावा आणि संपूर्ण संभाषण निर्यात करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर दिसणारे नाव कोणीही क्षणात बदलतो; म्हणून त्या खात्याचा पूर्ण दुवा नक्कल करून घ्यावा. आपोआप नाहीसे होणारे संदेश असतील, तर दुसऱ्या फोनने पडद्याचे चित्रीकरण करावे. ते खात्याच्या पानापासून सुरू करून न थांबता संदेशापर्यंत न्यावे. खात्याविरुद्ध त्या कंपनीकडे तक्रार यानंतरच करावी, कारण खाते आधीच बंद झाले तर पोलिसांना दाखवायला आपल्या हाती काही उरत नाही.

स्क्रीनशॉट ही नक्कल असते, मूळ पुरावा तो फोन असतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ते काम पुढचे आहे. आज इतकेच करावे की तो फोन विकू नये, रीसेट करू नये आणि दुरुस्तीला देऊ नये.

रस्त्यावरच्या प्रसंगासाठी सीसीटीव्ही हा सर्वांत लवकर संपणारा पुरावा आहे. दुकाने आणि सोसायट्यांची यंत्रे जुने चित्रण पुसून त्यावरच नवे भरत असतात. त्यामुळे त्याच दिवशी दुकानदाराला किंवा सोसायटीच्या सचिवाला भेटून चित्रण जपण्याची विनंती लेखी द्यावी आणि कॅमेरा नेमका कुठे आहे, हे टिपून घ्यावे.

*खबरदारी:* कॉलरचे नाव दाखवणाऱ्या ॲपवर आलेले नाव म्हणजे त्या माणसाची ओळख सिद्ध झाली, असे नाही. अर्जात ‘या क्रमांकावरून फोन आला’ असेच लिहावे. नावाबद्दल खात्री असेल तर ती कशावरून आहे, तेही लिहावे.

टप्पा ३: एकदाच, स्पष्ट शब्दांत नकार द्या

हा टप्पा जवळजवळ सर्वांकडून सुटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची व्याख्या आहे. तिच्यात स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे जाणे, संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे याला गुन्हा म्हटले आहे. इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे ‘अनिच्छा दाखवली’ हे कागदावर दिसले पाहिजे.

सुरक्षित असेल तर एकच संदेश पाठवावा: ‘मला तुमच्याशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही. यापुढे फोन, संदेश करू नका, माझ्या मागे येऊ नका.’ त्यानंतर एकाही संदेशाला उत्तर देऊ नये. चिडून शिवी देऊ नये, भावाने त्याला फोन करून ‘ये बघू समोर’ म्हणू नये. भावाने तसे म्हटले की ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी समोरासमोर ठेवल्या जातात आणि पाठलागाचे रूपांतर ‘आपसातील वादा’त होते. तोंडी नकार आधीच दिला असेल तर तो कधी, कुठे, कोणासमोर दिला, हे लिहून ठेवले तरी चालते.

टप्पा ४: घटनाक्रमाची वही

साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक प्रसंगासाठी तारीख, वेळ, ठिकाण, नेमके काय घडले, नेमके शब्द, कोणी पाहिले आणि पुरावा कुठे ठेवला आहे, इतक्या गोष्टी लिहाव्यात. ‘नेहमी त्रास देतो’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘११ तारखेला सायंकाळी सव्वासहाला कॅनडा कॉर्नरपासून वसतिगृहाच्या फाटकापर्यंत काळ्या दुचाकीवरून मागे आला, गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे अमुक’ हे उपयोगी आहे. जुनी तारीख आठवत नसेल तर अंदाजे म्हणून लिहावी. खोटी अचूकता आणू नये, कारण पुढे उलटतपासणीत एक चुकीची तारीख दहा खऱ्या तारखांना संशयात पाडते.

टप्पा ५: तक्रार लिहिणे

माझ्या अनुभवात बहुतांश तक्रारी इथेच बिघडतात, म्हणून इथे थोडा वेळ द्यावा.

आधी कायद्याची रचना समजून घ्या. धमकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. साध्या धमकीला २ वर्षांपर्यंत, जिवे मारण्याच्या, गंभीर दुखापतीच्या किंवा स्त्रीच्या चारित्र्यावर डाग लावण्याच्या धमकीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नाव-ओळख लपवून धमकी दिली तर आणखी २ वर्षांपर्यंत. शिक्षा इतकी असूनही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र ठेवलेला आहे. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. जिवे मारण्याची धमकी आणि तपास नाही, ही विसंगती मला आजही पचत नाही, परंतु ठाण्यातला अंमलदार तिच्यावरच बोट ठेवतो.

याउलट, पाठलाग (कलम ७८) आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द, हावभाव किंवा तिच्या खासगीपणावर आक्रमण (कलम ७९) हे गुन्हे दखलपात्र आहेत. फोटो पसरवण्याची भीती घालून पैसे उकळले असतील तर खंडणीचे कलम ३०८ लागते, तेही दखलपात्र. आणि सुरक्षा संहितेचे कलम १७४ सांगते की एका प्रकरणात अनेक गुन्हे असले आणि त्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तरी सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते.

म्हणून अर्ज फक्त धमकीविषयी लिहिला, तर पाठलाग खरोखर घडलेला असूनही हाती एनसी येते. आमच्या बाबतीत हेच झाले. आमचा पहिला अर्ज असा होता: ‘सदर इसमाने मला व माझ्या कुटुंबाला जिवे मारण्याची धमकी दिली आहे, तरी त्याच्यावर कडक कारवाई व्हावी ही विनंती.’ दुसरा अर्ज साधारण असा होता:

‘दिनांक २ रोजी मी त्याला पुन्हा संपर्क करू नये असा संदेश पाठवला (प्रत १). त्यानंतर दिनांक ३ ते १९ या काळात त्याने चार क्रमांकांवरून मला ३१ वेळा फोन केला (प्रत २). दिनांक ११ रोजी सायंकाळी तो दुचाकीवरून माझ्या मागे वसतिगृहाच्या फाटकापर्यंत आला; रखवालदाराने त्याला पाहिले. दिनांक १४ रोजी त्याने मला पुढील शब्द उच्चारले: … दिनांक १९ रोजी रात्री त्याने “तू नाही म्हणालीस तर तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, मारून टाकीन” असा संदेश पाठवला (प्रत ३).’

धमकी शेवटी आली, कारण ती शेवटी घडली होती. आधीच्या चार वाक्यांत नकार, पुन्हा पुन्हा संपर्क, पाठलाग आणि अपशब्द आले. काहीही रचलेले नव्हते; जे घडले ते पूर्ण लिहिले, एवढाच फरक होता.

अपशब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘अश्लील बोलला’ असे लिहिले की ठाण्यात त्याचे ‘शिवीगाळ केली’ होते आणि शिवीगाळ पुन्हा अदखलपात्र कलमात जाते. माझ्या बहिणीला ते शब्द तोंडाने म्हणवेनात. तिने वहीचे पान फाडले, माझ्याकडे पाठ करून ते शब्द लिहिले, पानाच्या चार घड्या घातल्या आणि ते महिला अंमलदारांच्या हातात दिले. त्यांनी वाचले, काही न बोलता संगणकावर तसेच टंकित केले. लिहून देण्याची ही सोय प्रत्येक मुलीला आधीच सांगून ठेवावी.

अर्जाच्या शेवटी ‘भारतीय न्याय संहितेची कलमे ७८, ७९, ३५१ आणि तपासात निष्पन्न होतील ती अन्य कलमे’ असे लिहावे, पण कलमांवरून वाद घालू नये. कलम लावणे पोलिसांचे काम आहे, हकीकत सांगणे आपले. अश्लील चित्रे किंवा खासगी छायाचित्रे पाठवली अथवा पसरवली असतील, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचाही उल्लेख करावा.

*निघण्यापूर्वी तपासा:* अर्जाच्या तीन प्रती; प्रत्येक पानावर सही; जोडलेल्या प्रतींना क्रमांक; ओळखपत्राची प्रत; साक्षीदारांची नावे. अर्जात कुठेही ‘किरकोळ’, ‘वाद’, ‘गैरसमज’ हे शब्द नाहीत ना, हे पाहावे.

टप्पा ६: ठाण्यात

नाशिकमध्ये आधी शहर की ग्रामीण, हे कळले पाहिजे. गंगापूर, सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, मुंबई नाका, इंदिरानगर, अंबड, सातपूर, उपनगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प ही ठाणी पोलीस आयुक्तालयाखाली येतात. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, निफाड, येवला, मालेगाव इत्यादी तालुके ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे आहेत. दिंडोरीहून रोज एसटीने कॉलेज रोडला येणाऱ्या मुलीचा पाठलाग दोन्ही हद्दींत होतो. अशा वेळी जवळच्या कोणत्याही ठाण्यात जावे.

सोबत एक शांत माणूस न्यावा, पाच तापट नातेवाईक नेऊ नयेत. बोलणे मुलीने स्वतः करावे, सोबतच्या व्यक्तीने टिपणे घ्यावीत. शक्यतो दिवसा जावे, पण रात्री गेल्यास ‘सकाळी या’ हे उत्तर मान्य करू नये.

खिडकीवर मिळणारी ठरावीक उत्तरे आणि त्यांवर नम्रपणे काय म्हणावे, ते पुढीलप्रमाणे:

‘हद्द आमची नाही.’ सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कोणतीही असो, नोंदवावी लागते. ‘शून्य क्रमांकाने नोंदवा आणि हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करा,’ असे म्हणावे.

‘साहेब नाहीत.’ ठाण्याचा प्रभारी अधिकारी हजर नसेल, तर शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा जो पुढचा अधिकारी हजर असतो, तो कायद्याने प्रभारी ठरतो. ‘आत्ता प्रभारी कोण आहेत?’ हा प्रश्न पुरेसा असतो.

‘महिला अधिकारी नाहीत.’ न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ च्या (विनयभंगापासून पाठलाग, अपशब्दांपर्यंतच्या) गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे, आणि ती उपलब्ध करणे ठाण्याची जबाबदारी आहे. थांबण्याची तयारी दाखवावी, परत फिरू नये.

‘सायबरला जा.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, पण नोंद कोणत्याही ठाण्यात होते. ऑनलाइन छळाची तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवरही करता येते. ती केल्यावर मिळणारा पोच क्रमांक अर्जात लिहावा.

‘अर्ज ठेवून जा, चौकशी करतो.’ हे उत्तर नीट ऐकावे, कारण याला कायद्याचा थोडा आधार आहे. ३ वर्षे किंवा अधिक पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, पोलीस १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. पहिल्या वेळच्या पाठलागाला ३ वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने तो यात बसतो. तेव्हा विचारावे: ‘१७३ च्या पोटकलम ३ खाली चौकशी आहे का? परवानगी कोणत्या तारखेची?’ तारीख मिळाली की चौदावा दिवस वहीत लिहावा. परवानगी नसेल तर ती नुसतीच चालढकल आहे.

‘मुलीचंच नाव खराब होईल.’ हे ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. यावर वाद घालू नये. ‘आम्ही विचार करून आलो आहोत, आपण नोंद घ्यावी,’ एवढेच म्हणावे आणि ते वाक्य कोणी, किती वाजता उच्चारले, ते टिपून ठेवावे.

दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले आहे. शिवाय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये कलम ७४, ७६ आणि ७९ यांसारख्या गुन्ह्यांची माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला ६ महिने ते २ वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. त्या यादीत पाठलागाचे कलम ७८ नाही. म्हणूनही अपशब्द आणि हावभाव पूर्ण लिहिणे आवश्यक आहे.

सही करण्यापूर्वीची पाच मिनिटे

टंकित फिर्याद पूर्ण वाचून घ्यावी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. ‘किरकोळ कारणावरून’, ‘पूर्वी प्रेमसंबंध होते’, ‘आपसातील वादातून’ हे साचेबद्ध शब्द आपण सांगितलेले नसताना आले असतील, तर खोडून नव्याने छापून घ्यावेत. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, घरून फोन येत असतात, ‘काही फरक पडत नाही’ असे सांगितले जाते. फरक पडतो, पुढे न्यायालयात हाच कागद उघडला जातो.

गुन्ह्याची प्रत विनामूल्य मिळते. गुन्हा रजिस्टर क्रमांक, तारीख, वेळ, कलमे आणि तपासी अंमलदाराचे नाव पाहून मगच निघावे. गुन्हा नोंदवलाच नाही, तर निदान अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. शिक्का नसलेला अर्ज दिला तरी दिला नाही, असेच धरावे. आमचा पहिला अर्ज नंतर ‘सापडत नाही’ असे सांगण्यात आले, तेव्हा ही अक्कल आली.

*खबरदारी:* त्या मुलाला ठाण्यात बोलावून माफीनामा लिहून घेण्याचा प्रस्ताव आला, तर गुन्हा नोंदवण्याआधी तो मान्य करू नये. पाठलागाचा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. माफीनाम्याने काही दिवस शांतता मिळते, पण आपल्या सहीचा ‘तक्रार नाही’ असा कागद मात्र कायमचा दप्तरी राहतो.

टप्पा ७: तरीही एनसीच मिळाली, किंवा काहीच मिळाले नाही

एनसी फाडून टाकू नये. ती दिलेल्या दिवसाचा पुरावा असते. कलम १७४ खाली तिच्या आधारे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागता येतो. शिवाय एनसीच्या आधारे प्रतिबंधक कारवाईही मागता येते, जिला ठाण्यात ‘चॅप्टर केस’ म्हणतात. सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्या माणसाकडून जास्तीत जास्त एक वर्षासाठी शांतता राखण्याचा बंध, म्हणजे लेखी हमी, लिहून घेऊ शकतात. ही मागणी वेगळ्या अर्जात करावी, कारण मुख्य अर्जात ती घातली की तेवढीच कारवाई करून प्रकरण बंद करण्याचा मोह होतो.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर पुढचा क्रम कायद्यानेच ठरवला आहे. प्रथम अर्जाचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांना पाठवायचा: शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात आडगाव येथील पोलीस अधीक्षकांना. तो स्पीड पोस्टने पाठवावा, पावती जपावी आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवावी. समक्ष भेट घ्यावी, पण भेट हा टपालाचा पर्याय नाही. सोबत शिक्का असलेल्या पहिल्या अर्जाची प्रत आणि नोंद का नाकारली, हे दोन ओळींत लिहावे.

त्यावरही काही झाले नाही, तर कलम १७५ च्या पोटकलम ३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. आधीच्या दोन्ही पायऱ्यांची कागदपत्रे नसतील तर हा अर्ज लंगडा पडतो, म्हणूनच वरच्या प्रत्येक शिक्क्याचा एवढा आग्रह. वकील परवडत नाही म्हणून कोणी इथे थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० हा मदतक्रमांकही आहे.

अर्जाचे काय झाले, हे कोणी सांगत नसेल तर माहितीचा अधिकार वापरावा. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही?’ असे विचारू नये. ‘आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्याने काय नोंद केली, त्याची प्रत द्यावी’ असे मागावे. एरवी ३० दिवसांची मुदत असते, परंतु जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे अर्जात नमूद करावे.

धमकी देणारा सहकारी किंवा वरिष्ठ असेल आणि प्रकार लैंगिक छळाचा असेल, तर कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांत तक्रार करावी. सातपूर-अंबडमधल्या दहापेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपमध्ये अशी समिती नसते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तो पती किंवा घरातलाच असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागावा. हे दोन्ही मार्ग पोलीस तक्रारीसोबत चालतात, तिच्याऐवजी नव्हे.

टप्पा ८: गुन्हा नोंदवल्यानंतर

अटक होईलच, अशी अपेक्षा ठेवू नये. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस देऊन हजर राहायला सांगतात, आणि पहिल्या वेळच्या पाठलागाचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तो दुसऱ्या दिवशी त्याच चौकात दिसू शकतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे. वसतिगृह, कॉलेज आणि कामाच्या ठिकाणी गुन्हा क्रमांकासह एक पत्र द्यावे, म्हणजे फाटकावरच्या माणसालाही माहीत राहते.

कलम ७४ ते ७९ च्या गुन्ह्यांत पीडितेचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवायचा असतो. तो कधी घेणार, हे तपासी अंमलदारांना लेखी विचारावे. तिचा जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. फोन जप्त केला तर जप्ती पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि फोन देण्यापूर्वी आतल्या मजकुराची नक्कल दुसरीकडे ठेवावी. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधन त्याच संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. तो दिवस वहीत लिहावा आणि त्यानंतर आठवड्याभरात काही कळले नाही, तर सहायक आयुक्तांना किंवा उपअधीक्षकांना पत्र द्यावे.

नवा क्रमांक, नवा संदेश, चौकातला नवा प्रसंग, प्रत्येक गोष्ट पुरवणी जबाबात नोंदवावी. ‘आधीच तक्रार दिली आहे, आता परत काय सांगायचं’ असे म्हणून गप्प बसणे ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक आहे. आमच्या फाईलमध्ये असे सहा पुरवणी जबाब आहेत. त्यांतला चौथा फक्त दोन ओळींचा आहे: रात्री पावणेदहाला तो गल्लीच्या तोंडाशी दुचाकी बंद करून अकरा मिनिटे उभा होता, एवढेच त्यात आहे. प्रतिबंधक कारवाईच्या सुनावणीत सर्वाधिक प्रश्न त्या दोन ओळींवर विचारले गेले.

त्याच्याकडून बंध लिहून घेतला असेल तर तो संपण्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. तिच्या महिनाभर आधी, मधल्या काळातल्या नोंदींसह, नव्या कारवाईचा अर्ज द्यावा.